संगणक जुना झाला, निकामी नव्हे

सांगवीत माझं संगणकदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. जुनी सांगवी, नवी सांगवी, पिंपळे गुरव इथून येणारी गिऱ्हाइकं हल्ली एकच प्रश्न विचारतात, ‘‘दादा, संगणक चांगला चालतोय, पण नवी विंडोज घेत नाही. मग तो भंगारात द्यायचा का?’’ चाकणला कंत्राटी कामावर जाणारे एक गृहस्थ असेच आले होते. मुलीच्या अभ्यासासाठी त्यांनी जुना संगणक घेतला होता; नवा घ्यायचा तर दोन महिन्यांचा पगार गेला असता.

हा पेच आला कुठून? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना तेव्हा आणखी एका वर्षाची मुदत दिली गेली. अपडेट थांबले म्हणून संगणक बंद पडत नाही. पण नव्यानं सापडलेल्या त्रुटी तशाच राहतात आणि त्यावरून बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं ठरतं.

विंडोज ११ बसवावी, तर तिच्या अटी कडक. २००१ मधल्या एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरायची. हिला किमान ४ जीबी, म्हणजे चौसष्टपट लागते. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा. पळवाटेनं ती बसवता येते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

अशा वेळी लिनक्सचा विचार जरूर करावा. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम आज जगभर वापरात आहे आणि ते मोफत मिळतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनंही त्यावर आधारित ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली तयार केली. लिनक्स मिंट ही प्रणाली २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असल्यास बरं. मात्र संगणक ६४ बिटचा हवा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर वेगातला फरक लगेच जाणवतो.

पण घाई नको. आधी सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहा. हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासता येतात. हिशेबाला टॅली वापरत असाल, तर थांबा. ते विंडोजसाठी बनलेलं आहे. जुना मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असेल, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर उघडल्यावर निरर्थक चिन्हं दिसतील.

त्या गृहस्थांच्या मुलीला हवं होतं काय? व्हिडिओवरचे धडे, टंकलेखन आणि इंटरनेट. एसएसडी आणि लिनक्स एवढ्यावर काम भागलं. तेव्हा संगणक टाकण्याआधी तो किती वर्षांचा आहे, यापेक्षा त्याच्याकडून आपल्याला काम कोणतं हवं आहे, हे आधी ठरवा. आणि खरोखरच निकामी झाला, तर भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.