चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ

पांढरा पडदा, मागे दिवा, मधे चामड्याच्या कोरीव बाहुल्या. पडद्यावर सावल्या हलतात अन् रामायण उभं राहतं. हा खेळ सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत करतात. टीव्ही आला, बघणारे घटले. आपल्या दंडारीचं झालं तसंच. परशुराम गंगावणे यांनी मात्र गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय मांडलं, पोरांना कला शिकवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण कलावंतांचं घर चालायला खेळाची सुपारी लागते. येत्या बैठकीत विषय काढा: गणपतीत डीजेचा खर्च वाचवून तेल्हाऱ्यात एक खेळ ठेवायचा का? लांबचा पल्ला आहे. प्रवास, मुक्काम, मानधन आधीच विचारून घ्या. फुकटात मात्र बोलावू नका.