सरईचे बी आणि स्टिअरिक आम्ल

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती झोतभट्टी. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या भट्टीचे उद्घाटन झाले आणि छत्तीसगडचे नाव पोलादाशी कायमचे जोडले गेले. परंतु याच प्रदेशाच्या रानांत दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस एक निराळीच रसायनशाळा उघडते. सालवृक्षाची, म्हणजे तेथील बोलीतल्या सरईची, पंखधारी फळे गरगरत खाली येतात आणि पाऊस पडण्यापूर्वी ती वेचण्यासाठी आदिवासी स्त्रिया भल्या पहाटे रानात शिरतात. या बियांच्या चरबीत दोनपंचमांशांहून अधिक वाटा असतो तो स्टिअरिक आम्लाचा.

या आम्लाच्या रेणूत कर्बाचे १८, हायड्रोजनचे ३६ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. कर्बाचे अणू साखळीच्या कड्यांसारखे एका ओळीत जोडलेले असून त्यांच्यात कोठेही दुहेरी बंध नसतो. साखळीला आणखी हायड्रोजन घेण्यास जागा उरत नाही, म्हणून हे आम्ल संतृप्त. त्याचेच भावंड जे ओलेइक आम्ल, त्यात हायड्रोजनचे दोन अणू कमी असतात. तेवढ्यामुळे साखळीच्या मध्यावर दुहेरी बंध येतो आणि ती वाकते. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्यांची येत नाही. म्हणूनच स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सियसपर्यंत घन राहते आणि ओलेइक आम्ल मात्र साध्या हवेत तेलासारखे वाहते.

सालबियांत ही आम्ले मोकळी नसतात, ती ग्लिसरीनशी बांधलेली असतात. दोन बाजूंना स्टिअरिक आणि मधे ओलेइक अशी त्यांची मुख्य रचना असते. कोकणातल्या कोकमतेलाची घडणही अशीच असून त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असते. भेगाळलेल्या टाचांना लावायचा कोकमतेलाचा कठीण गोळा हातात धरला की उबेने मऊ होतो, त्याचे कारण हेच. चॉकलेटातील कोकोच्या लोण्याशी साम्य असल्यामुळे सालाच्या चरबीला परदेशांतूनही मागणी येते.

फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चरबीचे हे अंतरंग उलगडले. दोनच वर्षांनी त्याने गे-ल्युसॅकसह मेदाम्लांच्या मेणबत्तीचा एकाधिकार घेतला. धुरकट, दुर्गंधी चरबीच्या दिव्यांऐवजी घरांत स्वच्छ उजेड आला. दाढीचा साबण आणि रबर यांत हे आम्ल आज वापरले जाते. पोलादालाही त्याची गरज लागते. भिलाईत लाटलेल्या सळईसारख्या सळईची बारीक तार ओढताना ती साच्याच्या छिद्रात घासू नये म्हणून कॅल्शियमचा किंवा सोडियमचा स्टिअरेट, म्हणजे एक प्रकारचा कोरडा साबणच, वंगण म्हणून वापरतात.

परंतु जो गुण कारखान्याला हवा, तोच रानात घात करतो. वेचलेले बी ओले राहिले की त्यातील विकर चरबीचे बंध तोडू लागते आणि आम्ले मोकळी होतात. साबणाच्या भट्टीला अशा मोकळ्या आम्लाचे वावडे नाही, खाद्य चरबी घेणारा मात्र त्याच कारणाने माल नाकारतो. बांधलेले असताना जे आम्ल मोल वाढवते, तेच सुटताच मोल घटवते. वळिवाची एक सर वेचणारीची अनेक दिवसांची मेहनत पाण्यात घालू शकते.

वनोपजांना किमान आधारभावाची केंद्रीय योजना २०१३-१४ साली सुरू झाली. तथापि भाव कागदावर ठरला तरी बी कोरडे ठेवण्यास पक्के खळे, ताडपत्री आणि वेळेवर खरेदी लागतेच. भिलाईच्या भट्टीसाठी राष्ट्राने रेल्वे, धरणे आणि वसाहती उभ्या केल्या. सरईच्या बीला हवे आहे ते पावसाआधी डोक्यावर एक छप्पर. तेवढे मिळाले तर चरबीचे बंध टिकतील आणि वेचणारीच्या पदरात पूर्ण दाम पडेल.