जुन्या फटफटीचा क्लच

हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पांच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. हा मुलूख बहुतांशीं काळ्या मातीचा. मृगाचा पाऊस पडला कीं शेताच्या वाटा लोण्यासारख्या होतात, आणि अशा वाटेवर जुनी फटफटी आपलें दुखणें लपवूं शकत नाहीं. मागें एक माणूस आणि पुढें बियाण्याची पिशवी घेऊन निघालेली बुलेट रुतते; स्वार क्लच अर्धा दाबून एंजिनास ओरडावयास लावतो; गाडी बाहेर पडते खरी, पण प्लेटा करपून. दुसऱ्या दिवशीं एंजिन गर्जतें आणि गाडी जागची हलत नाहीं. मग निकाल ठरलेला: "प्लेटा गेल्या, सगळा क्लच नवा टाका." हा निकाल कधीं कधीं बरोबर असतो; पुष्कळदां मात्र तो झांकण उघडण्यापूर्वींच दिलेला असतो.

इंग्लंडांतील रेडिच येथील कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारींतून १९५५ सालीं एन्फील्ड इंडिया निघाली व बुलेट भारतांत तयार होऊं लागली. गिअर उजव्या पायाशीं आणि ब्रेक डाव्या पायाशीं असलेल्या त्या जुन्या गाड्यांत क्लच डावीकडील साखळीपेटींत, तेलांत बुडालेला असतो. त्याची रचना थाळ्यांच्या चवडीसारखी आहे. एका आड एक बसविलेल्या प्लेटांपैकीं घर्षणाच्या प्लेटा बाहेरच्या डब्याबरोबर, म्हणजे एंजिनाबरोबर, फिरतात. पोलादी प्लेटा मधल्या तुंब्याबरोबर, म्हणजे गिअरपेटीबरोबर. स्प्रिंगा साऱ्या चवडीस दाबून धरतात. हाताची दांडी ओढली कीं गिअरपेटीच्या पोकळ दांड्यांतून जाणारी एक बारीक सळई वरची थाळी बाहेर ढकलते आणि चवड सैल पडते.

यावरून दुखण्याचे दोन प्रकार स्पष्ट होतात, आणि ते परस्परांच्या उलट आहेत. चवड पुरती दाबली न गेल्यास क्लच घसरतो. पुरती सुटली नाहीं तर तो धरून ठेवतो. घसरण ओळखण्यास पैसा लागत नाहीं. दांडी न ओढतां किक मारावी. पाय खालीं जातो पण एंजिन फिरत नाहीं, तर क्लच घसरतो आहे. याचें पहिलें कारण प्लेटांत नव्हे, तारेंत शोधावें. तारेंत सुमारें २ ते ३ मिलिमीटर ढिलाई हवी. ती नसेल तर सळई सदैव थाळीस रेटत राहते, स्प्रिंगांचें बळ फुकट जातें आणि सळईचें टोंक झिजतें. गिअरपेटीवरील लहान झांकणामागें यासाठींच स्क्रू आणि त्यास आवळणारें नट असतें. पांच मिनिटांच्या या कामानें कित्येक "गेलेल्या" प्लेटा परत येतात! दुसरें कारण तेल. नव्या मोटारींकरितां निघालेलीं कांहीं तेलें घर्षण कमी करण्यासाठींच बनविलेलीं असतात. तीं साखळीपेटींत ओतणें म्हणजे क्लचला घसरावयास शिकविणेंच होय.

धरून ठेवणारा क्लच अधिक धोक्याचा. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या गर्दींत दांडी ओढूनहि गाडी पुढें सरकूं लागली तर समोर लेंकरें आहेत कीं म्हाताऱ्या, हें तिला कळत नाहीं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या प्लेटा तेलानें एकमेकींस चिकटतात. म्हणून सकाळीं एंजिन सुरू करण्यापूर्वीं दांडी ओढून चार-सहा वेळां किक मारावी. तरीहि गिअर करकरत असेल तरच झांकण काढावें. तें एकाच मोठ्या नटावर बसलेलें असतें. काढतांच तेल सांडतें, तेव्हां खालीं परात ठेवावी.

आतां दांडी ओढून वरची थाळी पाहावी. ती सरळ बाहेर यावयास हवी. तिरकी येत असेल तर स्प्रिंगांचें बळ सारखें नाहीं. त्यांच्या जागा आपसांत बदलून पाहाव्या. पोलादी प्लेटा सपाट कांचेवर ठेवल्या असतां डुगडुगल्या तर त्या उष्णतेनें वांकल्या आहेत व त्या बदलल्याच पाहिजेत. परंतु पुष्कळदां खरा अपराधी डबाच असतो: प्लेटांच्या जिभांनीं त्याच्या खांचांच्या कडा कुरतडलेल्या असतात, आणि प्लेट त्या खड्ड्यांत अडकते. अशा डब्यांत नव्या प्लेटा घातल्या तरी महिन्याभरांत तेंच रडगाणें. बारीक कानशीनें कडा गुळगुळीत कराव्या, पण हलक्या हातानें. यंत्रावर घासून खांचा रुंद करण्याची घाई कांहीं ठिकाणीं होते. मग प्लेटा सैल वाजूं लागतात आणि मूळचा डबा भंगारांत जातो. तशा मापाचा दुसरा चांगला मिळेलच, असें नाहीं.

घर्षणाच्या प्लेटा पेट्रोलनें धुवावयाच्या असल्यास तें काम अंगणांत, चुलीपासून दूर करावें. त्या सुकल्यावर चवड पूर्वीच्याच क्रमानें लावावी. काढतांना खडूनें खूण केलेली असेल तर हें सोपें जातें. झांकणाचें नट बेताचेंच आवळावें, तेल पातळीच्या स्क्रूपर्यंतच भरावें, आणि तारेची ढिलाई गाडी दोन-तीन कोस चालवून तापल्यावर पुन्हां एकदां पाहावी.