भूल देतात म्हणजे काय करतात?



आज मी तुम्हांला भुलीची गोष्ट सांगणार आहे. भुताची नव्हे बरं का, भुलीची! ऑपरेशनच्या आधी डॉक्टर देतात ती भूल. मी काही डॉक्टर नाही. छत्तीस वर्षे शाळेत मुले शिकवली. पण या भुलीच्या भीतीने आमच्या घरातला एक माणूस गेला. म्हणून मी हा विषय विचारून विचारून समजून घेतला.

आमच्या थोरल्या बंधूंना आम्ही दादा म्हणत असू. दादांना अंतर्गळ होता. जांघेत सुपारीएवढी गाठ यायची, निजले की आत जायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या. दादा म्हणाले, "मला झोपवतील आणि मी उठलोच नाही तर?" असे करीत नऊ वर्षे ढकलली. 1988 च्या पावसाळ्यात आतडे त्या गाठीत अडकले. ओढ्याला पूर. तालुक्याला पोचून पोट उघडले, तेव्हा आतडे काळे पडले होते. दादा वाचले नाहीत.

पुढे मला कळले की, अंतर्गळाचे ऑपरेशन पुष्कळदा पाठीच्या कण्यात सुई देऊन, कमरेखालचे अंग बधिर करून करतात. माणूस जागाच असतो. दादांनी कधी विचारले नाही. घरात शिकलेला मी. मीही विचारले नाही.

पूर्वी भूल नव्हतीच. चार दांडगे गडी रोग्याला धरून ठेवीत आणि डॉक्टर घाईघाईने कापत. मग 16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेत बॉस्टन शहरी मॉर्टन नावाच्या दातांच्या डॉक्टरने एका तरुणाला ईथरची वाफ हुंगवली. वॉरन नावाच्या म्हाताऱ्या सर्जनने त्याच्या मानेची गाठ काढली. रोगी ओरडला नाही. मॉर्टनने पैशाच्या आशेने औषधाचे नाव लपवले होते. पण ईथरचा वास कुठे लपतो? दुसऱ्या वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म आणला. त्याने काही रोग्यांचे हृदय बंद पडे. म्हणून आता ते भुलीसाठी वापरीत नाहीत. आपल्या आजोबांच्या काळची भीती इथूनच आलेली आहे.

आता भूल काम कशी करते? तुम्ही म्हणाल, झोपच ती. नाही. झोपलेल्या माणसाला मुंगी चावली तर तो जागा होतो. भुलीत तसे होत नाही. आपल्या मेंदूत कोट्यवधी पेशी आहेत. त्या एकमेकींना सारखे निरोप देतात. गावात बातमी या घरातून त्या घरात जाते ना, तसे. मेंदूत 'आता गप्प बसा' असा निरोप देणारेही एक द्रव्य असते. भुलीची बरीच औषधे त्याचा जोर वाढवतात. मग पेशींची कुजबुज थांबते. सुरी लागते, पण 'दुखले' ही बातमी माणसाला पोचत नाही. यातल्या साऱ्या खाचाखोचा शास्त्रज्ञांना अजून उलगडलेल्या नाहीत. पण औषध किती द्यावे, हे डॉक्टरांना अनुभवाने पक्के ठाऊक आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या पित्ताशयात खडे झाले. हातात सुई लावली. दुधासारखे पांढरे औषध आत गेले. त्याला प्रोपोफॉल म्हणतात. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, पाढे म्हणा." मी एकोणतीसचा पाढा धरला. एकोणतीस त्रिक आठवते, पुढचे नाही! नंतर घशातून श्वासनळीत नळी घालतात आणि हवेबरोबर भुलीचा वायू देतात. स्नायू सैल पडायचे औषध निराळे, वेदना मारायचे निराळे. स्नायू सैल पडले की यंत्र श्वास देते. बोटाला एक चिमटा लावतात. तो रक्तातला प्राणवायू उजेडाने मोजतो. भूल देणारा डॉक्टर शेवटपर्यंत तिथून हलत नाही. काम झाले की वायू बंद करतात. तो श्वासावाटे निघून जातो आणि माणूस जागा होतो.

धोका अगदीच नाही, असे मी म्हणणार नाही. दमा, हृदयविकार, दारू, तंबाखू, चालू असलेली औषधे, सारे डॉक्टरांना खरे सांगावे. तिथे लाज धरू नये. आणि उपास! माझ्या शेजारच्या खाटेवर एक तरुण होता. पहाटे त्याच्या आईने पदराआडून त्याला शिरा भरवला. "उपाशीपोटी पोरगं कसं सोसेल?" माउलीची माया ती. पण भुलीत घसा सैल पडतो. पोटातले अन्न उलटून फुप्फुसात गेले तर जीव जाऊ शकतो. म्हणून हलके अन्नसुद्धा सहा तास आधी बंद. जड जेवण त्याच्याही आधी. पाणी केव्हापर्यंत चालेल ते डॉक्टर सांगतील. मी बाईंना जाऊन सांगितले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झाले. त्याची आई माझ्याशी बोलेना. न बोलू दे.

मी डोळे उघडले आणि म्हणालो, "बाई, केव्हा सुरू करणार?" त्या हसल्या. "गुरुजी, झालं की! दीड तास झाला."

दादांच्या मुलालाही आता अंतर्गळ आहे. तो मागच्या रांगेत बसला आहे. येत्या सोमवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघे तालुक्याला जाणार आहोत. कोणाला काही विचारायचे असेल तर आता विचारा.