नखाएवढ्या चोकाचा भरवसा



छत्रपती संभाजीनगरात पाहुणा आला, की आपण त्याला देवगिरी दाखवतो. टेकडीचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासलेला, पायाशी कातळात खोदलेला खंदक. ते संरक्षित स्मारक आहे, तिथे चढाई करायची नसते. पण लहानपणापासून मला प्रश्न पडे, अशा कड्यावर माणूस चढेल तरी कसा? उत्तर सापडले ते पुढे सह्याद्रीतल्या एका कोपऱ्यात.

कातळाच्या दोन भिंती उघड्या पुस्तकासारख्या एकमेकींना मिळतात, त्या रचनेला प्रस्तरारोहक 'डायहेड्रल' म्हणतात. दोन पाय दोन भिंतींवर रेटून वर सरकायचे आणि शिवणीच्या जागी जी भेग असते, तिच्यात सुरक्षेची साधने बसवायची. वेल्समधला 'सेनोटाफ कॉर्नर' हा असाच प्रसिद्ध कोपरा. जो ब्राउन आणि डग बेलशॉ यांनी तो १९५२ मध्ये सर केला. त्या काळी तिकडचे चढाईपटू भेगेत दगड अडकवून त्याला दोराचा फास घालत. पुढे यंत्राचे नट दोरात ओवून वापरू लागले. त्यातूनच आजचा 'चोक' आला, म्हणजे तारेला जोडलेली धातूची पाचर.

मेख हातोडीने ठोकावी लागते आणि ठोकता-काढता कातळ फुटतो. म्हणून १९७२ मध्ये अमेरिकेत इव्हॉन शुइनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट या साधने बनवणाऱ्यांनीच मेखा सोडून चोक वापरा, असे आवाहन केले. चोक हाताने बसतो आणि काढल्यावर मागे खूण राहत नाही.

आपला बेसाल्ट मात्र लाव्ह्याच्या थरांचा. एक थर घट्ट, तर दुसरा ठिसूळ. भेगा माती-गवताने भरलेल्या, कित्येकदा आतून बंद. इथे चोक बसवणे म्हणजे परीक्षाच.

त्या कोपऱ्यात पन्नासेक फुटांवर भेग नखाएवढी झाली. शेवटचा चोक दहा फूट खाली होता. सुटलो असतो तर वीस फूट आणि वर दोराचा ताण, इतका खाली गेलो असतो. मी सर्वांत लहान चोक काढला. असला चोक दोन-अडीचशे किलोंचा भार पेलतो, पण पडणाऱ्या माणसाचा झटका त्याहून मोठा असू शकतो. चोक छान बसलेला दिसला. दोर अडकवणार, तोच खालून जोडीदार ओरडला, "अरे, ओढून बघितलास का?"

ओढला. कड फुटली आणि चोक हातात आला.

पोटऱ्या थरथरू लागल्या. वर जाण्याचा मोह होताच, माथा वीसच फुटांवर होता. पण मी एकेक पाऊल खाली उतरत शेवटच्या चोकापाशी आलो, त्याच्या जोडीला आणखी एक बसवला आणि जोडीदाराला म्हणालो, "सोड खाली." ते दोन चोक कड्यातच राहिले. साधने महाग असतात, त्यामुळे परतीच्या एसटीत थोडी हळहळ वाटली, एवढेच.

ज्या तरुण मित्रांना हा छंद लागला असेल, त्यांनी आधी जमिनीवर उभे राहून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शंभरदा चोक बसवावा. आणि प्रत्येक वेळी तो ओढून बघावा. लहानपणच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर निदान अर्धे तरी यातच आहे. उरलेले अर्धे म्हणजे वेळेवर खाली उतरणे.