लेकरांच्या वैद्याचे समाधान

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त चारकोप येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाची उभारणी करणाऱ्या पूर्वजांचे स्मरण इतर वक्त्यांनी केलेच आहे. आम्हांस मात्र चालकांनी एक निराळा विषय नेमून दिला. लहान मुलांच्या डॉक्टरास आपल्या कामात समाधान लाभते काय, हा तो विषय होय. प्रथमदर्शनी हा प्रश्न डॉक्टरांनी आपापसांत बोलावयाचा वाटेल. परंतु ज्याचे चित्त आपल्या कामातून उडाले आहे, त्याच्या हाती आपले तापलेले लेकरू देण्यास कोणती माता राजी होईल? यास्तव हा प्रश्न जितका आमचा तितकाच आपलाही आहे, असे समजून आम्ही तो पत्करला.

आमचे बोलणे मोठ्या रुग्णालयांतील नामांकित शस्त्रवैद्यांविषयी नाही. गल्लीतील दवाखान्यात बसून ताप, खोकला, जुलाब यांवर औषध देणारा, लस टोचणारा, तान्ह्याचे वजन करून कार्डावर मांडणारा जो साधा मुलांचा डॉक्टर, त्याच्याविषयीच आम्ही बोलणार आहोत.

ही विद्या स्वतंत्रपणे आपल्या शहरात रुजली त्यास अद्याप फार काळ लोटलेला नाही. 1928 साली डॉ. जॉर्ज कोएलो यांनी जे. जे. रुग्णालयात मुलांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. पुढल्याच वर्षी परळ येथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उघडले. 1963 साली देशातील बालवैद्यांची इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही संस्था स्थापन झाली. आपल्या चारकोपची कथा तर त्याहूनही अलीकडची. येथील जुन्या गावठाणाच्या आसपास, 1985 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने आरंभिलेल्या योजनेतून म्हाडाने लहान लहान भूखंड पाडले, सेक्टर वसविले, आणि शहराच्या दाटीवाटीतून तरुण जोडपी येथे राहावयास आली. जेथे तरुण जोडपी तेथे पाळणे, आणि जेथे पाळणे तेथे मुलांचा डॉक्टर, हा क्रम ठरलेलाच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत 1996 व 1997 या वर्षी बारा हजारांवर डॉक्टरांना त्यांच्या समाधानाविषयी विचारण्यात आले, व त्याचा निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या शाखांची तुलना करता, अधिक समाधानी डॉक्टरांमध्ये वृद्धांचे वैद्य आणि नवजात अर्भकांचे वैद्य यांच्याबरोबर मुलांचे वैद्यही आढळले. आम्हांस याचे नवल वाटले नाही. मूल लवकर आजारी पडते, परंतु लवकर बरेही होते. काल डोळे मिटून पडलेले पोर आज टेबलावरची आमची नळी ओढू लागते, तेव्हा दिवसभराचा शीण कोठल्या कोठे जातो. ज्याला पहिली लस टोचली तोच पुढे पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशी पांढऱ्या वस्त्रात समोरून जाताना दिसतो. असे भाग्य दुसऱ्या कोणत्या धंद्यात आहे?

तथापि, या समाधानात एक गूढ आहे. आमच्या कामाचे सर्वांत मोठे यश कोणाच्या दृष्टीसच पडत नाही. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 129 मुले वर्षाची होण्यापूर्वीच दगावत असत; 2020 साली हा आकडा 28 वर आला, आणि महाराष्ट्रात तो 16 झाला. भारतातील वन्य पोलिओचा अखेरचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत आढळला, व 2014 साली आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. यामागे स्वच्छ पाणी, मातांचे शिक्षण, घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका यांचे श्रम आहेत, आणि गल्लीतील डॉक्टरांचाही त्यात वाटा आहे. परंतु जो पोलिओ झालाच नाही त्याबद्दल आभार मानावयास कोण येणार? प्रभूने दहा कुष्ठरोग्यांस बरे केले आणि परत आला तो एकटाच, ही कथा आपण सर्व जाणतो. त्या दहांना निदान आपल्याला रोग होता हे ठाऊक होते. आमच्याकडे लस घेऊन गेलेल्या बालकास तेही ठाऊक नसते. ज्याला हे मान्य नाही, ज्याला प्रत्येक श्रमाची पावती हवी, त्याने या वाटेस न जाणे बरे.

मग आमचे समाधान कशाने नासते? शस्त्रवैद्याच्या मानाने प्राप्ती कमी, हे एक कारण सांगतात. ते खोटे नाही. जागेचे भाडे आणि परिचारिकेचा पगार आशीर्वादाने भागत नाही. भीती हेही एक कारण आहे. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी 2010 साली महाराष्ट्रास स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही 2017 च्या मार्चमध्ये धुळे येथील हल्ल्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. ज्या हाताने नाडी पाहावयाची तो हात भीतीने थरथरू लागला, तर त्यात कोणाचे हित आहे? परंतु आमच्या अनुभवास आलेले मुख्य कारण याहून साधे आहे. ते म्हणजे वेळेचा अभाव. 2017 साली 67 देशांतील माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हा प्राथमिक उपचार करणारा डॉक्टर एका रुग्णास बांगलादेशात सरासरी 48 सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे देतो असे दिसून आले. आपण कोणत्या टोकाच्या जवळ आहोत हे सांगणे नलगे.

या ठिकाणी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यातील एका संध्याकाळी, दवाखान्याचा बाक भरून रांग पायरीपर्यंत गेली होती. एक माता दहा महिन्यांचे मूल घेऊन आली. मुलास सर्दी आणि बारीक ताप होता. ती काही सांगू लागली, परंतु आमचे हात औषध लिहिण्यात गुंतलेले होते. आम्ही तिला औषधाचे प्रमाण सांगितले आणि पुढल्या रुग्णास हाक मारली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा आली तेव्हा मुलाची छाती आत ओढली जात होती. त्यास न्यूमोनिया झाला होता. रुग्णालयात ठेवावे लागले, आणि परमेश्वराच्या कृपेने ते बरे झाले. आठवड्याने ती माता आम्हांस भेटली. रागाचा शब्दही न काढता ती एवढेच म्हणाली, “डॉक्टर, श्वास जोरात चालला आहे हेच मला त्या दिवशी सांगायचे होते; पण तुम्ही बोलूच दिले नाही.”

सज्जनहो, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बालकाचे श्वास मिनिटास 50 वा त्याहून अधिक झाले, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 वा अधिक झाले, की डॉक्टरने सावध व्हावयाचे असते. ते मोजण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. मूल शांत असताना त्याचे अंग उघडे करून पुरते एक मिनिट पाहत बसावे लागते, इतकेच. ते एक मिनिट आम्ही त्या संध्याकाळी दिले नव्हते. त्या दिवशी कमाई नेहमीपेक्षा अधिक झाली होती, आणि समाधान मात्र तेव्हापासून कित्येक महिने आमच्या वाऱ्यासही उभे राहिले नाही. तेव्हा आम्हांस कळले की डॉक्टरचे समाधान फीमध्ये नाही आणि स्तुतीतही नाही. मुलास नीट पाहिले, मातेचे बोलणे पुरते ऐकले, एवढे स्वतःशी म्हणता येणे, यातच ते आहे. तेव्हापासून कितीही गर्दी असली तरी दवाखान्यातील घड्याळाकडे पाहून आम्ही श्वास मोजतो. बाकावरील मंडळी कुरकुरतात, ते आम्ही सोसतो.

असे समाधान मिळविणाऱ्यांची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस या नवजात बालकांच्या डॉक्टर होत्या. अपुऱ्या दिवसांची, अशक्त अर्भके जंतूंच्या संसर्गाने हातची जात, हे पाहून केवळ औषधे वाढवीत बसण्यापेक्षा त्यांनी आईच्या दुधाचा मार्ग धरिला, आणि 1989 साली तेथे आशिया खंडातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. दहा वर्षांनी, 1999 साली, त्यांनी वस्त्यांमधील माता व बालके यांच्यासाठी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापिली. आपल्या हातून दुःखाचे मूळच थोडे उपटले जात आहे, ही जाणीव मनुष्यास थकू देत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या वेदीवरील आहे. संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला हिला आपण उदरातील बालकासाठी प्राण वेचणारी माता म्हणून ओळखतो. तिने 1950 साली इटलीतील मेझेरो या लहानशा गावी दवाखाना उघडला होता आणि 1952 साली बालवैद्यकाची पदवी घेतली होती, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. 1962 साली तिचे निधन झाले, व 16 मे 2004 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संतपद बहाल केले. तिचा तो अखेरचा त्याग एकाएकी उपजला नसावा, असे आम्हांस वाटते. गावातील लेकरांना तपासण्यात जी वर्षे गेली, त्यांनीच तिच्या मनाची ती तयारी केली असेल.

आता आपणांपाशी थोडे मागणे आहे. डॉक्टरकडे येताना लसीचे कार्ड आणावे. मुलाजवळ जो दिवसभर असतो, मग ती आई असो वा आजी, त्यानेच बरोबर यावे, आणि डॉक्टर घाईत दिसला तरी सांगावयाचे ते सांगितल्यावाचून उठू नये. सुई टोचा, जालीम औषध द्या, असा आग्रह धरू नये. साध्या सर्दीस प्रतिजैविकाचा उपयोग नाही असे डॉक्टर सांगतो तेव्हा तो आपली एक फी बुडवून खरे बोलत असतो. चार दिवसांच्या खोकल्यासाठी मध्यरात्री दार ठोठावू नये. परंतु मूल दूध ओढीनासे झाले, निपचित पडले, श्वास भराभर चालू लागला, छाती आत जाऊ लागली किंवा झटके आले, तर मध्यरात्रीही क्षणाचा विलंब लावू नये; तेव्हा आमची झोप मोडली म्हणून आम्ही रागावणार नाही. आणि मूल बरे झाले म्हणजे जाता येता पायरीवरून तेवढे कळवावे. ते एक वाक्य किती दिवस पुरते, याची आपणांस कल्पना नसेल.

तरुण मुलामुलींनाही एक सांगणे आहे. आपल्या धर्मग्रामातून डॉक्टर होऊ इच्छिणारे पुष्कळ निघोत, आणि त्यांतील काहींनी तरी हा लहानसा, गजबजलेला, रडण्या-ओरडण्याने भरलेला दवाखाना निवडावा.

बेनसिराच्या ग्रंथातील 38व्या अध्यायात वैद्याचा मान राखावयास सांगितले आहे, आणि त्याची विद्या ही परमेश्वराची देणगी आहे असेही बजाविले आहे. मान हा आपण द्यावयाचा. देणगीचा हिशेब मात्र आम्हांस द्यावयाचा आहे. बालकांना दूर सारू पाहणाऱ्या शिष्यांवर प्रभू रागावला होता. घाईने आम्हीही कधी त्या शिष्यांच्या रांगेत जाऊन बसतो. तसे न होवो, आणि प्रत्येक बालकासाठी निदान एक पुरते मिनिट आमच्यापाशी असो, एवढे मागणे प्रभूच्या चरणी ठेवून आम्ही आपली रजा घेतो.