मोबाइलचे जाळे आणि खानदेशचा कापूस



१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवेचा प्रारंभ झाला आणि तेव्हापासून ‘डिजिटल परिवर्तन’ हा शब्द शासकीय जाहिरातींचा पालुपद होऊन बसला. खानदेशापुरते बोलायचे तर या परिवर्तनाची खरी परीक्षा २०२५ च्या कापूस हंगामात झाली.

त्या वर्षी १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क स्थगित केले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. खुल्या बाजारातील भाव हमीभावाच्या खाली राहिले. लांब धाग्याच्या कापसास क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्यास ७,७१० रुपये हा हमीभाव मिळविण्यास भारतीय कपास निगमचे खरेदी केंद्र हाच मार्ग उरला होता. नेमक्या त्याच हंगामात निगमने ‘कपास किसान’ या मोबाइल अ‍ॅपवरील नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीस आधार हवा, सातबारा हवा, त्यावर पिकाची नोंद हवी. पूर्वी ही नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून करावयाची आहे. छायाचित्र काढता आले तरी ते सर्व्हरवर चढले पाहिजे. नोंदणीची मुदत सप्टेंबरअखेर संपायची होती. ती आधी ऑक्टोबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली, यातच व्यवस्थेची तयारी किती होती ते दिसते. परंतु ज्याच्या घरात देणेकरी बसला आहे, त्याला दिवाळीपूर्वी पैसा लागतो. खेडा खरेदी करणारा व्यापारी ओटीपी मागत नाही. तो फक्त भाव कमी देतो.

महाराष्ट्राने १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली होती. तिच्यात दोष पुष्कळ होते. चुकारे रखडत, प्रतवारीत हात ओले होत, आणि सीमेपलीकडे चोरटा कापूस जाई तो निराळाच. तरीही शेतकऱ्याने आणलेला कापूस घेण्याचे दायित्व त्या योजनेत शासनाचे होते. आजच्या व्यवस्थेत आपण विक्रेता म्हणून पात्र आहोत हे सिद्ध करण्याचे दायित्व शेतकऱ्यावर आले आहे. शासन व नागरिक यांच्या नात्यातील हा बदल अ‍ॅपच्या सोयीआड झाकला जातो. बटाईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. वनहक्काचा दावा प्रलंबित असलेल्या सातपुड्यातील भिल्ल-पावरा कुटुंबापाशी सातबाराच नसतो. जाळे कितीही वेगवान झाले तरी यांचा प्रश्न त्याने सुटणारा नाही.

आता खुद्द जाळ्याचा विचार करू. फाइव्ह-जीचा जो मोठा वेग जाहिरातीत सांगितला जातो तो अधिक वारंवारितेच्या लहरींवर मिळतो, आणि वारंवारिता जितकी अधिक तितका लहरींचा पल्ला आखूड. म्हणजे मनोरे जवळजवळ हवेत आणि प्रत्येक मनोऱ्यापर्यंत ऑप्टिकल फायबर हवा. असा खर्च खाजगी भांडवल कोठे करील? जळगाव-धुळे शहरांत, मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर महामार्गांच्या कडेने, जेथे दर मनोऱ्यामागे गिऱ्हाईक दाट आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेकडील पाडे आणि साक्रीचा पश्चिम डोंगरपट्टा या हिशेबात बसत नाही. यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. नफ्याचे गणितच असे आहे.

हे गणित ओलांडण्यासाठी सार्वजनिक उद्योग असतो. पण भारत संचार निगमला फोर-जीच्या लहरी देण्याचा निर्णय व्हायला ऑक्टोबर २०१९ उजाडले, जानेवारी २०२० मध्ये सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, आणि निगमच्या देशव्यापी फोर-जी सेवेचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. खाजगी कंपन्या तोवर फाइव्ह-जीवर पोहोचल्या होत्या. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढविले. २०१६ साली जवळजवळ फुकट मिळालेल्या डेटाचे कौतुक करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी मक्तेदारीचा हा दुसरा अंक वाचलेला नसावा.

अर्थात मोबाइलला विरोध करणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला बऱ्हाणपूरचा भाव घरबसल्या कळतो, सुरतेला गेलेला मजूर त्याच दिवशी घरी पैसे पाठवितो, हा लाभ खरा आहे. मात्र भाव कळणे आणि भाव मिळणे यांत अंतर आहे. १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशात आली तेव्हा अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. रुळांनी कापूस जलद नेला, पण कर्ज कोणाचे व वजनकाटा कोणाच्या हाती, हे रुळांनी बदलले नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. साधन न देता काम लादण्यास त्यांनी दिलेला तो नकार होता, आणि कापूस उत्पादकांच्या चळवळीने त्यापासून शिकण्यासारखे आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काशी जोडली आहे. तेव्हा मागणी नेमकी करावयास हवी. जेथे शासन मोबाइलची अट घालते तेथे ग्रामपंचायतीत कागदी अर्जाचा, पोच मिळणारा पर्याय असलाच पाहिजे. सर्व्हर बंद असल्याने गेलेला दिवस मुदतीतून वगळला पाहिजे. आणि दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून उभा राहणारा डिजिटल भारत निधी सार्वजनिक निगममार्फत सातपुड्याच्या पाड्यांवर खर्च झाला पाहिजे.

यासाठी तालुकानिहाय माहिती लागेल. कोणत्या पाड्यावर फोन लागतो, कोणाची नोंदणी अडली, कोणी किती क्विंटल कापूस हमीभावाखाली विकला आणि कोणत्या दराने, ही यादी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून करावयाची आहे. १ मेच्या ग्रामसभेत ती ठरावासह इतिवृत्तात नोंदविली गेली, तर पेरणीपूर्वी तहसीलदारापुढे ठेवण्यास हाती काही असेल.